वहीतलं नाव

गेल्या वेळी आपण गटाचं इतिवृत्त कोणी लिहायचं, यावर बोललो. आजही वहीचीच गोष्ट आहे, पण ही वही गणिताची आहे.

हसू नका, आम्हीही आधी हसलोच होतो. आमच्या गटातल्या एकीची लेक गणितात एम.एस्सी. करते. सुट्टीत आली तेव्हा शेंगा फोडता फोडता तिनं हे सांगितलं. आम्ही विचारलं, ‘‘अगं, गणितात आता नवीन काय राहिलंय? दोन आणि दोन चारच ना?’’ तर म्हणाली, जगभर माणसं गणितात सारखी नवी भर घालतात. ‘मॅथेमॅटिकल रिव्ह्यूज’ नावाच्या एका नोंदवहीत दर वर्षाला लाखाच्या वर नव्या नोंदी पडतात.

एवढं सगळं कोण वाचणार? म्हणून ही वही. लेख छापून आला की तो त्या विषयातल्या जाणकाराकडे जातो. तो वाचतो आणि थोडक्यात लिहितो, की यात नवं काय, आधी कोणी काय केलं होतं आणि हे कशाला जोडलेलं आहे. असं लिहिणारी वीस हजारांहून जास्त माणसं जगभर आहेत. पगार नाही. पुस्तकं घेताना सवलत मिळावी म्हणून थोडे गुण मिळतात, एवढंच. आपल्या सचिवबाईंसारखंच म्हणा ना!

आणि प्रत्येक लेखाला विषयाचा आकडा असतो. संख्यांबद्दल असेल तर 11, भूमितीचा असेल तर 51. जमिनीला गट नंबर असतो तसा. नंबर ठाऊक असला की हवं ते सापडतं.

ही वही निघाली कशी, ते ऐका. पहिली मोठी वही 1868 साली जर्मनीत सुरू झाली. पण तिचं काम सावकाश, वर्षाच्या नोंदी छापून यायला पुढची कित्येक वर्षं लागायची. म्हणून 1931 साली ओटो नॉइगेबाउअर नावाच्या माणसानं दुसरी वही काढली, ‘त्सेंट्रालब्लाट’. ती वेळेवर निघायची. दोन वर्षांत जर्मनीत हिटलरचं राज्य आलं. नॉइगेबाउअर स्वतः ज्यू नव्हते, पण त्यांनी देश सोडला आणि डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला बसून तीच वही चालवली. जर्मनांच्या लेखांवर ज्यू माणसांनी लिहू नये, असा दबाव येऊ लागला. तरी ते रेटत राहिले.

मग 1938 साल आलं. वहीच्या संपादक मंडळात इटलीचे तुल्लिओ लेव्ही-चिव्हिता होते. आइन्स्टाइननं आपल्या सिद्धांतासाठी जे गणित वापरलं, ते घडवणाऱ्यांपैकी एक. ते ज्यू होते. त्याच वर्षी इटलीतही ज्यूंविरुद्ध कायदे झाले आणि रोमच्या विद्यापीठातली त्यांची नोकरी गेली. आणि वहीवरचं त्यांचं नाव प्रकाशकानं काढून टाकलं, नॉइगेबाउअरना न विचारता.

नॉइगेबाउअरनी राजीनामा दिला. त्यांच्या पाठोपाठ आणखी काही जण बाहेर पडले. त्यांत हार्डी होते, आपल्या रामानुजनना इंग्लंडला बोलावून घेणारे. आम्हाला वाटलं, एका नावासाठी एवढं? पण मग गटात कोणाचं नाव न विचारता खोडलं गेलं, तर आपण काय केलं असतं, यावर त्या दिवशी शेंगा बाजूला ठेवून आमचं बरंच बोलणं झालं. सगळ्याजणी काही बाहेर पडल्या नसत्या, हे आम्ही कबूल केलं.

नॉइगेबाउअर अमेरिकेला गेले. तिथल्या गणितज्ञांच्या संस्थेनं जानेवारी 1940 मध्ये नवी वही काढली, तीच ही लाखभर नोंदींची. पुढे 1965 साली तिचं ऑफिस अ‍ॅन आर्बर गावी गेलं आणि बरीच वर्षं बिअरच्या एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत होतं. दारूबंदीसाठी चपला झिजवलेल्या आपल्या बायकांना हे ऐकून बरं वाटेल! जर्मनीतली वहीही युद्धानंतर पुन्हा सुरू झाली. 2021 पासून ती इंटरनेटवर कोणालाही फुकट पाहता येते. अमेरिकेच्या वहीला मात्र कॉलेजनं वर्गणी भरावी लागते. हे आम्हाला पटलं नाही.

पण आम्हाला सगळ्यात भिडली ती नावांची गोष्ट. एकाच नावाची चार माणसं असतात, आणि एकाच माणसाची चार नावं. कोणता लेख कोणाचा, हे शोधून प्रत्येकाचं सगळं काम एका जागी लावायचं, हे या वहीचं रोजचं काम. मेरी एलन रुडिन नावाच्या गणिती बाई होत्या. चार मुलांची आई, घरात पोरांचा गोंधळ चालू असताना कोचावर पडून गणित करायच्या. त्यांचे सुरुवातीचे लेख माहेरच्या एस्टिल या नावानं छापलेत, लग्नानंतरचे रुडिन नावानं. वहीत दोन्ही एकाच बाईच्या खात्यावर आहेत.

हे ऐकल्यावर आमच्यातली एक उठलीच. तिचा शाळेचा दाखला माहेरच्या नावाचा, बँकेचं पुस्तक सासरचं, आणि शिवणकामाचं प्रशिक्षण घेतलं ते प्रमाणपत्र लग्नाआधीचं. मशीनसाठी अर्ज केला तर ऑफिसात सांगितलं, ‘‘ही बाई तुम्हीच कशावरून?’’ दोन वर्षं झाली, मशीन अजून नाही. प्रमाणपत्र पेटीत पडून आहे.

परवाच्या बैठकीत आम्ही आमच्या गटाची वही काढली. सगळ्याजणींच्या नावापुढे माहेरचं नावही लिहिलं, एकाच ओळीत, आणि खाली प्रत्येकीची सही घेतली. अकरा जणींचं झालं. दोघींना माहेरचं आडनाव लिहिताना क्षणभर थांबावं लागलं, इतक्या वर्षांत ते कोणी विचारलंच नव्हतं. मशीनवालीनं त्या पानाची झेरॉक्स काढली आहे आणि वकिलाकडून प्रतिज्ञापत्र करून घेतलं आहे. सोमवारी ती पुन्हा त्या ऑफिसात जाणार आहे. आमच्यातल्या तिघी तिच्याबरोबर जातोय.