हिमप्रदेशातील ताड : एका कोंबाची राखण

ताडकुलातील सुमारे २,६०० जाती आज ज्ञात असून, माड, पोफळी, शिंदी यांच्याप्रमाणे त्यांतील बहुतेक जाती उष्ण प्रदेशांतच वाढतात. तरीही ज्या देशांत हिवाळ्यात पाणी गोठते आणि बागेवर बर्फ साचतो, तेथेही काही ताड उघड्यावर तग धरतात, कारण या कुलातील थोड्या जाती मुळातच थंडीच्या रहिवासी आहेत. कुमाऊँमध्ये पिथौरागढजवळच्या थलकेदार डोंगरावर, २,००० मीटरांहून अधिक उंचीवर, ओकच्या जंगलात ट्रॅकिकार्पस टाकिल ही जात बर्फ सोसत वाढते. तिचे शास्त्रीय वर्णन ओदोआर्दो बेक्कारी या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०५ मध्ये केले. अमेरिकेच्या आग्नेय भागातील, बुंध्याभोवती लांब काटे असणारा बुटका ऱ्हॅपिडोफिलम हा ताड तर उणे २० अंश सेल्सिअसपर्यंतची थंडी सोसतो.

युरोपातील बागांत मात्र मान मिळाला तो टाकिलच्या चिनी भावंडाला, म्हणजे ट्रॅकिकार्पस फॉर्च्यूनीला. जपानमध्ये राहिलेल्या सीबोल्ट या जर्मन वैद्याने त्याच्या बिया १८३० मध्ये नेदरलँड्सला आणल्या, आणि १८४९ मध्ये रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश वनस्पतिसंग्राहकाने चीनमधून त्याची रोपे इंग्लंडला धाडली. चीनमध्ये या झाडाच्या खोडावरील तपकिरी काथ्यापासून दोर, केरसुण्या आणि पावसाळी अंगरखे करीत. बागेत हाच काथ्या खोडाला पांघरुणासारखा उपयोगी पडतो.

थंडी ताडाला नेमकी कोठे मारते, हे त्याच्या शरीररचनेवरून उमगते. आंबा किंवा ओक यांच्या खोडात साल आणि लाकूड यांच्यामध्ये सतत विभागणाऱ्या पेशींचा थर असतो, त्यामुळे त्यांची जखम भरून येते आणि फांदी मोडली तरी दुसरी फुटते. ताड एकदल वर्गातला असल्याने त्याच्याजवळ हा थर नसतो. एकखोडी ताडाची सारी वाढ शेंड्यात, पानांच्या देठांच्या वेढ्यात दडलेल्या एकाच वर्धनबिंदूतून, म्हणजे नवी पाने घडविणाऱ्या कोवळ्या पेशींच्या पुंजक्यातून होते. कडाक्याच्या थंडीत बर्फाचे कण प्रथम पेशींच्या मधल्या पोकळ्यांत तयार होतात, ते पेशींतील पाणी ओढून घेतात, पेशी आक्रसतात आणि अखेर त्यांची पटले फाटतात. झावळ्या करपल्या तर झाडाचे एखादे वर्ष वाया जाते, परंतु वर्धनबिंदू मेला तर झाडच जाते; म्हणून हिवाळ्यातील सारी निगा ही त्या एका बिंदूची राखण असते.

रोपवाटिकांच्या पाट्यांवर प्रत्येक ताडापुढे सहनशक्तीचा एक आकडा लिहिलेला असतो, आणि पूर्ण वाढलेल्या ट्रॅकिकार्पस फॉर्च्यूनीसाठी तो उणे १२ ते उणे १५ अंशांच्या आसपास सांगितला जातो. हा आकडा खरा असला तरी अपुरा आहे. पहाटे तासभर पारा खाली जाऊन दुपारी ऊन पडणे निराळे, आणि दिवसभरही तापमान शून्यावर न चढणे निराळे, कारण दुसऱ्या स्थितीत थंडी खोडाच्या गाभ्यापर्यंत उतरते. कोरडी थंडी सोसणारे झाड ओल्या थंडीत दगावते, कारण शेंड्यात मुरलेले पाणी गोठते आणि त्याने दुखावलेल्या भागात पुढे बुरशी व जीवाणू शिरतात. उन्हाळ्याचाही येथे वाटा आहे: कडक उन्हाळ्याच्या प्रदेशातला ऱ्हॅपिडोफिलम इंग्लंडच्या सौम्य उन्हाळ्यात इतका मंद वाढतो, की हिवाळ्यातील हानी भरून काढणे त्याला कठीण जाते.

यावरून व्यवहाराचे नियम ओघानेच येतात. थंड हवा जड असल्यामुळे रात्री ती उतारावरून सखल भागात साचते, म्हणून ताड खोलगट जागी न लावता, उत्तर गोलार्धात दक्षिणाभिमुख भिंतीच्या आडोशाला, उत्तम निचऱ्याच्या जमिनीत आणि वसंतातच लावावा, जेणेकरून थंडीपूर्वी मुळे जमिनीत रुजतील. कुंडीतील मुळांना सर्व बाजूंनी थंडी लागत असल्याने लहान रोप पहिली काही वर्षे हिवाळ्यात आत घेणे श्रेयस्कर होय. कडाका येण्यापूर्वी बुंध्याशी पालापाचोळ्याचे जाड आच्छादन पसरावे, झावळ्या वर उचलून मधल्या कोंबाभोवती सैल बांधाव्यात, त्यांवर हवा खेळू देणारे कापड गुंडाळावे आणि पाऊस शेंड्यात पडू नये असे छप्पर करावे. प्लॅस्टिकच्या घट्ट वेष्टनाने आत वाफ धरते व कोंब कुजतो. कापडही उबदार दिवसांत सोडावे लागते.

हिवाळा सरल्यावर मधला न उमललेला कोंब हलकेच ओढून पाहतात. तो तुटून हाती आला तर झाड मेले असे मानण्याची घाई करू नये, कारण वर्धनबिंदू त्याच्याही खाली असतो आणि पुष्कळदा वाचलेला असतो. कोकणात माडाचा कोंब कुजल्यावर करतात तसेच येथेही सडलेला भाग काढून टाकावा, ताम्रयुक्त बुरशीनाशक घालावे आणि शेंडा कोरडा ठेवून उन्हाळाभर वाट पाहावी. नवे पान अनेकदा त्याच खळग्यातून वर येते.

या प्रयत्नांना यश आल्यावर जबाबदारी संपत नाही, हे स्वित्झर्लंडच्या दक्षिणेकडील तिचीनो प्रांताने दाखवून दिले आहे. तेथे सौम्य होत गेलेल्या हिवाळ्यांत ट्रॅकिकार्पस फॉर्च्यूनी बागांचे कुंपण ओलांडून जंगलात शिरला, पक्ष्यांनी त्याची फळे दूरवर नेली, आणि त्याच्या दाट रोपांखाली स्थानिक झाडांच्या रोपांना ऊन मिळेनासे झाले. १ सप्टेंबर २०२४ पासून त्या देशात त्याच्या विक्रीवर बंदी आहे. या जातीत नर व मादी झाडे साधारणतः वेगळी असतात, त्यामुळे मादी झाडाचे फुलोरे फळे पिकण्यापूर्वी छाटले, तरी हा प्रसार रोखता येतो. परक्या भूमीतील झाडाला आजवर हिवाळ्याने मर्यादा घातली होती. जेथे हिवाळा माघार घेतो, तेथे ती मर्यादा पाळण्याचे काम माळ्याकडे येते, आणि कोंब राखण्याइतक्याच निष्ठेने त्याने ते केले पाहिजे.