ध्वनिमुद्रक हाती आला, पुढे काय?

(अभ्यासवर्गातील भाषण)



प्रसारणाचा अभ्यास करणाऱ्या एका तरुणाने मला विचारले, ‘वृत्तकक्षातील इंटर्नशिपला मी लायक आहे काय?’ त्याचा आवाज स्वच्छ, उच्चार शुद्ध. ध्वनिमुद्रण व संकलन उत्तम. ही विद्या गौण मानण्याचे कारण नाही. पण त्याच्या प्रश्नाचे उत्तर मला यंत्रात सापडत नाही.

लासलगावच्या बाजार समितीचेच उदाहरण घ्या. कांद्याचे किमान, कमाल व सरासरी असे तीन भाव जाहीर होतात. नवशिका बातमीदार कमाल भाव उचलतो, कारण तो ऐकायला भारदस्त वाटतो. वास्तविक तो भाव एखाद्याच ट्रॉलीला मिळालेला असू शकतो! ज्याने शेतकऱ्याच्या हातची हिशेबपट्टी मागून पाहिली, हमाली, तोलाई आणि गाडीभाडे वजा जाता त्याच्या पदरात काय पडले हे विचारले, आणि मगच ध्वनिमुद्रक सुरू केला, तो तयार झाला असे मी म्हणेन. ही चौकस वृत्ती सत्तेपुढेही टिकली पाहिजे. १९७५ च्या आणीबाणीत आकाशवाणीवरील आवाज आणि उच्चार निर्दोषच होते. ऐकू येत नव्हती ती दुसरी बाजू. आणि हो, आपल्या पक्षाचे पत्रकही त्याने असेच पारखून घ्यावे. आपण रागावलो तरी चालेल.

लायकीचा आणखी एक हिशेब आहे, त्याविषयी पाठ्यपुस्तके मौन पाळतात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यातील शिकाऊ मुलाला विद्यावेतनाचा हक्क दिला. वृत्तकक्षात मात्र बिनपगारी उमेदवारी आजही चालते. हिंगोलीच्या शेतमजुराच्या मुलीने मुंबईत तीन महिने कोठे राहावे, काय खावे? ती गावी परतते, आणि ‘ग्रामीण मुलांत आत्मविश्वास नसतो’ एवढा शेरा मागे उरतो. प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. त्या मालमत्तेच्या बळावर धंदा करणाऱ्यांकडून विद्यावेतन मागण्याचा आपल्याला पुरेपूर अधिकार आहे.

ही मागणी युवक शाखांनी प्रत्येक वाहिनीकडे लेखी करावी. तोवर मुंबई-पुण्यातील ज्या कार्यकर्त्यांच्या घरी एक पथारी पसरण्याइतकी जागा असेल, त्यांनी वर्ग संपल्यावर आपली नावे माझ्याकडे द्यावीत.