मुदतीचे घर आणि मिरीचा दाणा



घर विकत घेतले की ते आपले झाले, अशी सर्वसामान्य माणसाची समजूत असते. इंग्लंड व वेल्समध्ये फ्लॅट घेणाऱ्याच्या बाबतीत ही समजूत बहुतेक वेळा खोटी ठरते. तो घर विकत घेत नाही. त्या घरात राहण्याची काही वर्षे विकत घेतो. ९९ किंवा १२५ वर्षांचा भाडेपट्टा त्याच्या नावे होतो; जमीन आणि तिच्यावरील इमारत भूस्वामीचीच राहते. पट्टेदार घराची किंमत एकरकमी मोजतो, जुन्या पट्ट्यांत वर्षाकाठी भुईभाडेही भरतो, आणि तरीही मुदत सरली की मालकी भूस्वामीकडे परत जाते.

म्हणून पट्टेदाराला मुदत वाढवून घ्यावीच लागते. पट्टा आखूड झाला की बँका कर्ज देण्यास कचरतात आणि गिऱ्हाईक पाठ फिरवते. ही वाढ पूर्वी सर्वस्वी भूस्वामीच्या मर्जीवर होती. १९६७ साली विल्सन यांच्या मजूर सरकारने स्वतंत्र घरांच्या पट्टेदारांना मुदतवाढीचा व जमीन विकत घेण्याचा हक्क दिला. जमीन मालकाची असली तरी तिच्यावरील घर न्यायतः राहणाऱ्याचे, हे त्यामागील तत्त्व होते. ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर यांच्या विश्वस्तांनी त्याविरुद्ध युरोपीय मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली; १९८६ साली ती अमान्य झाली. फ्लॅटधारकांना मात्र १९९३ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षीच्या कायद्याने उरलेल्या मुदतीत ९० वर्षांची भर आणि नाममात्र भुईभाडे, म्हणजे इंग्रजी कायद्याच्या भाषेत 'मिरीचा एक दाणा', मिळवण्याचा हक्क त्यांना दिला.

परंतु हा हक्क फुकटचा नाही. त्यासाठी नजराणा मोजावा लागतो. त्याचे गणित समजून घेतल्यावाचून या व्यवस्थेचे खरे स्वरूप कळत नाही. समजा, फ्लॅटची किंमत तीन लाख पौंड आहे. मुदत संपल्यावर तो भूस्वामीला मिळणार, त्या भावी लाभाचे आजचे मूल्य काढायचे. २००६ सालच्या एका प्रसिद्ध निवाड्यापासून त्यासाठी फ्लॅटला सामान्यतः ५ टक्के दर लावला जातो. ८० वर्षे उरली असतील तर हे मूल्य सुमारे ६ हजार पौंड येते. ६० वर्षे उरली असतील तर १६ हजार. ४० उरली असतील तर ४२ हजारांवर जाते. पट्टेदार झोपलेला असो वा जागा, आकडा वाढतच राहतो.

याच्या जोडीला 'विवाह-मूल्य' नावाचा प्रकार आहे. पट्टेदाराचा हक्क आणि भूस्वामीचा हक्क यांचा मेळ घातला की एकत्रित किंमत वाढते. ही वाढ म्हणजे विवाह-मूल्य. उरलेली मुदत ८० वर्षांहून अधिक असेल तर ते धरले जात नाही. अन्यथा २००२ च्या कायद्याप्रमाणे त्याचा निम्मा वाटा भूस्वामीला द्यावा लागतो. वरील उदाहरणात ६० वर्षांच्या पट्ट्याची किंमत २ लाख ४० हजार धरली, तर १६ हजारांत आणखी सुमारे २२ हजारांची भर पडते. भुईभाड्याचा मोबदला वेगळा. शिवाय १९९३ च्या कायद्याने भूस्वामीच्या वकिलाचा व मूल्यमापकाचा वाजवी खर्चही पट्टेदाराच्याच माथी मारला.

भूस्वामी म्हणतात, करार उघड्या डोळ्यांनी झाला होता. आमच्या गुंतवणुकीत निवृत्तिवेतन निधींचा व धर्मादाय संस्थांचाही पैसा आहे. हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. पण ज्याला डोक्यावर छप्पर हवे आणि बाजारात दुसऱ्या प्रकारचा फ्लॅट जवळजवळ नाहीच, त्याची संमती किती मुक्त मानायची? आणि जमिनीचे मोल वाढवले कोणी? रेल्वे, शाळा, बागा, रस्ते आणि लाखो माणसांचे श्रम यांनी. रिकार्डोपासून मिलपर्यंत अर्थशास्त्र हेच सांगत आले आहे की, जमिनीचा खंड हे मालकाच्या कष्टाचे फळ नव्हे.

२०२४ च्या नव्या कायद्याने ९९० वर्षांची मुदतवाढ मान्य केली आणि विवाह-मूल्य रद्द ठरवले; पण ही कलमे तत्काळ अमलात आली नाहीत. भूस्वामी न्यायालयात गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांचे आव्हान फेटाळले. कायदा संमत होणे आणि तो माणसाच्या दारी पोचणे यांतले अंतर येथेही दिसते.

हा प्रश्न विलायतेतला म्हणून सोडून देण्यासारखा नाही. भाडेपट्ट्याची पद्धत इंग्रजांबरोबर मुंबईतही आली. प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आणि पोर्ट ट्रस्टने जमिनी पट्ट्यानेच दिल्या. फरक एवढाच की येथे भूस्वामी सार्वजनिक संस्था होती. पोर्ट ट्रस्टच्या भाडेवाढीच्या प्रकरणात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, अशा संस्थेने खाजगी नफेखोर मालकासारखे वागता कामा नये. म्हणजे दोष पट्ट्याच्या कागदात नाही. खंड कोणाच्या खिशात जातो आणि राहणाऱ्याला अभय आहे की नाही, यात आहे.

तेव्हा केवळ वर्षे वाढवून भागणार नाही. ९० ची ९९० झाली तरी अनर्जित वाढ एका खाजगी खिशातून दुसऱ्या खाजगी खिशात जाईल, इतकेच. इमारतीची मालकी तिथे राहणाऱ्यांची सामायिक असावी. इंग्लंडने २००२ साली तशी तरतूद केली, पण ती बहुतांशी कागदावरच राहिली. आणि जमिनीच्या मोलात समाजाने घातलेली भर कररूपाने समाजाकडे परत यावी. राहणाऱ्याला घर आणि समाजाला खंड, ही वाटणी न्याय्य आहे. भूस्वामीच्या वाट्याला मग मिरीचा दाणा आला, तर त्याने तक्रार करण्याचे कारण नाही.