फोन तिच्या हातात द्या
(प्रभाग संघाच्या बैठकीत केलेलं भाषण)

गटातल्या एखाद्या अंध ताईला फोन घ्यायचा म्हटलं की घरचे म्हणतात, "तिला काय करायचाय टचचा? बटणाचाच घ्या." मलाही दिसत नाही, आणि मी सांगते, टचचाच घ्या. पण तिला दुकानात सोबत न्या.

पैसे मोजायच्या आधी दुकानदाराला सेटिंगमधलं ॲक्सेसिबिलिटी उघडून टॉकबॅक सुरू करायला लावा. ॲन्ड्रॉइड फोनमध्ये त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. मग बोटाखाली जे येईल ते फोन बोलतो, दोनदा टिचकी मारली की ते उघडतं. आवाज मराठी लावून बघा. बोट फिरवल्यावर फोन अडखळत, उशिरा बोलला तर तो नको. 2 जीबी रॅमचे स्वस्त फोन बहुतेक असेच रडतात, निदान 4 तरी बघा. बोटाच्या ठशाचं बटण बाजूला असलेलं बरं, चाचपून सापडतं. चेहरा दाखवून उघडायचं म्हणजे आम्ही फोन नेमका कुठे धरायचा?

इयरफोन मात्र हवाच. खात्यातली शिल्लक फोन मोठ्यानं वाचतो, ती अख्ख्या एसटीनं का ऐकावी?

नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं 2020 सालापासूनचं 'मनी' ॲप आहे. एकदा घेतलं की नेट नसतानाही चालतं.

आणि आजवर जिचा पिन पुतण्याला पाठ होता, तिनं फोन आल्यावर आधी तो पिन बदलायचा. ती बदलत असताना आपणसुद्धा बाहेर ओट्यावर बसायचं.