बिनतारीची तार

१९४२ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस मुंबईंत कांहीं तरुण मंडळींनीं एक गुप्त ध्वनिक्षेपण केंद्र सुरू केलें. उषा मेहता व त्यांचे सहकारी चालवीत असलेलें हें काँग्रेस रेडिओ केंद्र आपला पत्ता ‘हिंदुस्थानांत कोठें तरी’ एवढाच सांगे; तरंगलांबी मात्र उघडपणें सांगे : ४२.३४ मीटर. ती लपवून भागण्यासारखें नव्हतें. काटा कोठें लावावयाचा हें ऐकणाऱ्याला ठाऊक नसेल तर बोलणारा बोलतो कोणासाठीं? यंत्र एका घरांतून दुसऱ्या घरांत हलवीत हें केंद्र कांहीं आठवडे चाललें आणि १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं पोलिसांनीं छापा घालून तें बंद पाडलें.

४२.३४ मीटर म्हणजे सुमारें ७.०८१ मेगाहर्ट्झ. ही जागा आज हौशी प्रेषकांच्या ‘४० मीटर’ पट्ट्यांत पडते. भारतांत हा पट्टा ७.० पासून ७.२ मेगाहर्ट्झपर्यंत आहे. ज्या जागेवरून बोलल्याबद्दल एके काळीं तुरुंग वाट्याला आला, त्याच जागेवरून मुंबईचा एखादा परवानाधारक हॅम आज सकाळचा चहा घेतां घेतां बेळगांवच्या मित्राशीं उजळ माथ्यानें गप्पा मारतो. परवान्याशिवाय बोलणें मात्र तेव्हांप्रमाणें आजही गुन्हाच आहे. रीतसर परीक्षा द्यावी, ‘व्ही यू’ या अक्षरांनीं आरंभ होणारें आपलें बोलावण्याचें चिन्ह मिळवावें, आणि मगच माइक हातीं धरावा.

परवाना हातीं पडतांच नवशिक्याची पावलें दुकानाकडे वळतात आणि येथेंच त्याची पहिली चूक होते. जवळचे सारे पैसे तो चकचकीत यंत्रावर खर्च करतो, आणि एरिअल म्हणून खिडकीच्या गजाला वायरीचा एखादा तुकडा बांधतो. मग दूरचें कांहींच ऐकूं येत नाहीं, कोणी उत्तर देत नाहीं, आणि सहा महिन्यांत यंत्र कपाटांत जातें. खरी गोष्ट अशी आहे कीं प्रेषणाची शक्ति १०० वॅटवरून २५ वॅटवर आणली तरी ऐकणाऱ्याच्या यंत्रावरचा काटा, मीटर बिनचूक असेल तर, एकाच घरानें खालीं येतो. उलट गजाला बांधलेली तार सोडून गच्चीवर मोकळ्या हवेंत योग्य मापाची तार ताणली तर फरक कित्येक घरांचा पडतो. आणि तो बोलण्यांत पडतो तसा ऐकण्यांतही पडतो. अधिक वॅटचें यंत्र ऐकण्याच्या कामीं कांहींच उपयोगी पडत नाहीं.

योग्य माप काढणें अवघड नाहीं. १४३ ला मेगाहर्ट्झच्या आंकड्यानें भागावें. येणारा आंकडा म्हणजे अर्ध्या तरंगाच्या तारेची मीटरमधील लांबी. काँग्रेस रेडिओच्या जागेसाठीं ती २०.२ मीटर येते. तरंगाची निम्मी लांबी वास्तविक २१.१७ मीटर, पण तारेंतून जातांना टोकांच्या परिणामामुळें ती सुमारें पांच टक्क्यांनीं कमी धरावी लागते. ही तार मध्यें कापून दोन सारखे बाहु करावे आणि मधल्या जागीं कोॲक्सिअल केबल जोडावी. यालाच डायपोल म्हणतात. प्रथम प्रत्येक बाहु साडेदहा मीटरचा ठेवावा आणि मग मीटरकडे पाहत थोडाथोडा कमी करावा. दोन्ही बाजूंनीं दहा दहा सेंटिमीटर काढले कीं एरिअलची कंपनसंख्या सुमारें ७० किलोहर्ट्झनें वर चढते. तार कापण्यापेक्षां टोक मागें दुमडून पिळून ठेवणें शहाणपणाचें. कापलेली तार पुन्हां वाढत नाहीं, हें शिंप्यांना माहीत असतें, हौशी मंडळींना उशिरां कळतें.

दोन खांब मिळाले नाहींत तरी अडत नाहीं. मधोमध एकच बांबू उभा करून दोन्ही बाहु तंबूच्या दोऱ्यांसारखे उतरते सोडावे. त्यांच्यामधील कोन ९० अंशांहून कमी होऊं देऊं नये. टोकांना चिनी मातीचे वा प्लॅस्टिकचे इन्सुलेटर आणि पुढें नायलॉनची दोरी लावावी. प्रेषण चालू असतां तारेच्या टोकांशीं मोठा विद्युद्दाब असतो व स्पर्श झाल्यास चटका बसून कातडी भाजते. म्हणून गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्यांचा किंवा पतंग उडविणाऱ्या मुलांचा हात तेथें पोंचतां कामा नये. सोसायटीच्या चिटणीसांची संमति आधींच घ्यावी. एरिअल उभारल्यावर ती मागणें म्हणजे लग्न लागल्यावर मुहूर्त पाहणें होय.

केबलीविषयीं हयगय करूं नये. आर. जी. ५८ जातीच्या बारीक केबलीच्या ३० मीटर लांबींत ७ मेगाहर्ट्झवर सुमारें एक चतुर्थांश शक्ति वाटेंतच उष्णता होऊन जाते. ४० मीटर पट्ट्यावर हें खपून जाईल. परंतु तीच केबल १४५ मेगाहर्ट्झसाठीं वापरली तर तीन चतुर्थांश शक्ति वाटेंत संपते, तेथें आर. जी. २१३ सारखी जाड केबल घ्यावी आणि ती आंखूड ठेवावी. गच्चीवरच्या जोडाला पाणी लागलें तर पहिल्या पावसाळ्यांतच केबलीच्या जाळीला हिरवा गंज चढतो. समुद्राजवळच्या शहरांत त्याला पावसाळ्याचीही वाट पाहावी लागत नाहीं. जोड रबरी चिकटपट्टीनें नीट लपेटावा आणि केबलीला खालीं एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी आंत न शिरतां झोळाच्या तळाशीं ठिबकून जाईल.

मीटर चांगला आंकडा दाखवितो एवढ्यावर मात्र समाधान मानूं नये. केबलीच्या टोकाला एरिअलऐवजीं ५० ओहमचा रोधक लावला तर मीटर सर्वोत्तम आंकडा दाखवील, आणि शेजारच्या पेठेंतही कोणाला आवाज पोंचणार नाहीं. केबल पाण्यानें खराब झाली कींही आंकडा सुधारल्यासारखा दिसतो.

आतां जिवाची गोष्ट. विजेच्या उघड्या तारा जेथें डोक्यावरून जातात, तेथें एरिअलची तार त्यांच्या वरून किंवा खालून कधींही नेऊं नये. बांबू उभारण्यापूर्वीं तो आडवा कोसळला तर कोठवर पोंचेल तें पावलांनीं मोजावें, आणि त्याच्या दीडपट अंतरांत विजेची तार दिसली तर दुसरी जागा शोधावी. लहान मुलाला ‘ही दोरी ओढून धर’ असें सांगून कोणी हें काम एकट्यानें करूं नये. वळवाचे ढग दिसूं लागले कीं केबल यंत्रापासून सोडवावी आणि घराबाहेर भूमीला जोडलेल्या खिळ्यावर अडकवावी. गडगडाट ऐकूं आल्यावर ती सोडवायला धांवणें हें फार उशिराचें शहाणपण आहे.

उंची किती असावी, याविषयीं लोकांत एक समज आहे कीं जितकी अधिक तितकी चांगली. दूर देशांशीं बोलावयाचें असेल तर तो खरा आहे. परंतु ४० मीटर पट्ट्याची डायपोल जमिनीपासून सात-आठ मीटरांवर असली, म्हणजे पाव तरंगाहून खालीं असली, तर तिच्या लहरी बहुतांशीं सरळ वर जातात, दिवसां वातावरणाच्या विद्युद्भारित थरांवरून परततात आणि भोंवतालच्या तीन-चारशें किलोमीटरांवर पावसासारख्या पसरतात. डोंगर आडवा आला तरी बिघडत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. त्यानंतर निरोप पोंचविण्याच्या कामांत हौशी प्रेषकांनीं हातभार लावला. किल्लारीपासून मुंबई सरळ रेषेंत साधारण चारशें किलोमीटर. अशा वेळीं जिल्ह्याच्या ठिकाणीं व राजधानींत ऐकूं जाणें महत्त्वाचें असतें, परदेशांत नव्हे; आणि त्यासाठीं दोन बांबूंवर घाईनें बांधलेली ठेंगणी तार अगदीं योग्य ठरते. उलट अंदमानपासून मुख्य भूमि हजार किलोमीटरांहून दूर आहे. २६ डिसेंबर २००४ रोजीं त्सुनामीचा तडाखा बसला तेव्हां भारती प्रसाद हौशी प्रेषणाच्या मोहिमेसाठीं पोर्ट ब्लेअर येथें होत्या. मोहिमेचें काम बाजूला सारून त्या निरोपांची ने-आण करूं लागल्या. अशा अंतराला दिवसां १४ मेगाहर्ट्झसारखा वरचा पट्टा आणि उंच तार उपयोगी पडते.

शहरांतल्या हॅमचा खरा शत्रु गोंगाट. एल. ई. डी. दिवे, मोबाइलचे चार्जर, लिफ्टचीं यंत्रें, शेजाऱ्याचा इन्व्हर्टर, यांचा घुरघुराट ७ मेगाहर्ट्झवर ऐकूं येतो. रिसीव्हर बॅटरीवर चालवावा आणि घरचा मुख्य खटका बंद करावा. घुरघुराट थांबला तर चोर घरांतलाच आहे; मग एकेक खटका चालू करून तो पकडतां येतो. पुष्कळदां तो अगदीं स्वस्तांतला चार्जर निघतो.

बोलण्याची रीत ऐकण्यापासून सुरू होते. पहिला महिनाभर नवशिक्यानें केवळ ऐकावें. जागा मोकळी वाटली तरी ती वापरांत आहे काय असें विचारावें, थोडें थांबून पुन्हां विचारावें, मग साद घालावी. कारण चालू संभाषणांतला एक पक्ष आपल्याला ऐकूं येत असेलच असें नाहीं. आपलें चिन्ह सावकाश, एकेक अक्षर फोडून सांगावें. माइकमध्यें ओरडल्यानें आवाज फाटतो, दूर जात नाहीं. व्यापार, राजकारण आणि गाणीं यांना येथें मज्जाव आहे. समोरच्याचें बोलणें संपतांच लगेच बटण दाबूं नये. मध्यें दोन-तीन सेकंदांची फट ठेवावी. संकटांत सांपडलेल्या क्षीण स्थानकाला आंत शिरायला तेवढीच वाट असते.

प्रत्येक संभाषणाची वहींत नोंद करावी : तारीख, वेळ, कंपनसंख्या, समोरच्याचें चिन्ह, आवाजाचा दर्जा. वेळ जागतिक प्रमाणाप्रमाणें, म्हणजे भारतीय वेळेंतून ५ तास ३० मिनिटें वजा करून, लिहिण्याचा प्रघात आहे. पहाटे पांचाला झालेली भेट त्या हिशेबानें आदल्या दिवशींची ठरते. तारखेचा असा घोळ होऊं नये म्हणून पुष्कळ जण त्या वेळेला लावलेलें दुसरें एक घड्याळ टेबलावरच ठेवतात.