तरंग आणि त्यांची वाट



हुपरीचा लौकिक चांदीच्या दागिन्यांचा. कड्या करण्यासाठी तार सळईवर गुंडाळली की जे वेटोळे तयार होते, त्यात भौतिकशास्त्राचे एक सूक्ष्म तत्त्व सामावलेले आहे.

आघात होताच तार थरथरते. हे आडवे कंपन वर-खाली होते किंवा डावी-उजवीकडे. त्याच्या या ठरलेल्या दिशेस ध्रुवण म्हणतात. सरळ, एकसारख्या गोल तारेत ध्रुवण अखेरपर्यंत कायम राहते. वेटोळ्यात मात्र एक वेढा पूर्ण होऊन तार पुन्हा मूळ दिशेस वळली, तरी कंपनाची दिशा पालटलेली असते. तरंगलांबी वेढ्याच्या मानाने लहान असेल आणि वेढ्याची उंची त्यातील तारेच्या लांबीच्या निम्मी असेल, तर हे वळण १८० अंशांचे होते. तारेला पीळ नसतो; कंपन वळते ते केवळ मार्गाच्या आकारामुळे. या परिणामास भूमितीय कला अशी संज्ञा आहे. धातूच्या स्प्रिंगमधील तरंगांवर तो प्रयोगाने दाखविल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले.

या विचाराचा पाया घालण्यात भारताचा वाटा मोठा आहे. प्रकाशाच्या ध्रुवणासंबंधी एस. पंचरत्नम यांनी १९५६ मध्ये बंगळुरू येथे, वयाच्या अवघ्या बाविशीत, हे तत्त्व मांडले. १९८४ मध्ये मायकेल बेरी यांनी त्याचे व्यापक रूप उलगडले. पंचरत्नम यांच्या कार्याशी असलेले त्याचे नाते १९८६ मध्ये रामशेषन व नित्यानंद यांनी निदर्शनास आणले.

या ज्ञानाचा आपल्या भूमीशी निकटचा संबंध आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने पश्चिम महाराष्ट्र हादरला. भूकंपाचे आडवे तरंग भेगाळलेल्या खडकांतून जाताना दुभंगतात. त्यांपैकी वेगवान तरंगाचे कंपन सामान्यतः भेगांना समांतर असते. त्यावरून भूगर्भातील भेगांची व ताणाची दिशा अभ्यासली जाते. परंतु तरंगाची वाट अवकाशात वळत गेली असेल, तर तिच्या आकारानेही कंपनाची दिशा पालटते. खडकाचा परिणाम कोणता आणि वाटेचा कोणता, हा विवेक न राखल्यास भेगांचे अनुमान चुकण्याचा संभव असतो.

ज्या भूमीवर धरणे व गावे वसली आहेत, तिच्याविषयीचे अनुमान अचूक असणे अगत्याचे आहे. तरंग आपल्यासोबत केवळ उगमाची वार्ता आणीत नाही. आक्रमिलेल्या वाटेचा ठसाही आणतो. दोहोंचे वाचन वेगवेगळे करणे, हेच या शास्त्राचे मर्म होय.