भाड्याचे घर आणि कायद्याचा आधार
(विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात भाडेनियंत्रण वाढवावे का, हा प्रश्न 2018, 2020 आणि 2024 असा तीनदा थेट मतदारांपुढे आला व तिन्ही वेळा नामंजूर झाला. आपल्याकडे असे मतदान नाही. सातारा-सांगलीच्या भाडेकरूचा कायदा विधिमंडळात होतो. म्हणूनच तो आपण वाचला पाहिजे.

1947 च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या घरांची भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठविली. भाडेकरू तरला, पण दुरुस्तीअभावी इमारती खचल्या. 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक अवाजवी ठरविली. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 आला. तो 31 मार्च 2000 पासून अमलात आहे. त्यात भाडे वर्षाला 4 टक्के वाढविता येते. रीतसर भाडे भरणाऱ्याला नुसते भाडे थकले या सबबीवर काढता येत नाही, पाणी-वीज तोडता येत नाही, पावती द्यावीच लागते.

परंतु आज आपली मुले राहतात ती 11 महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स'वर, नाहीतर कॉट बेसिसवर. मुदत संपली की खोली सोडायची. पुढचे भाडे मालक सांगेल ते. संरक्षण वाढवायचे तर ते इथवर पोहोचले पाहिजे. डिपॉझिटलाही मर्यादा हवी. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी ती दोन महिन्यांच्या भाड्याइतकी सुचविली आहे.

आणि भाडे ठरण्याआधीच आडनाव विचारून "खोली गेली" म्हणणाऱ्याचे काय? 1917 साली बडोद्यात बाबासाहेब भाडे देत होते, तरी पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढले गेले. प्रश्न पैशाचा नव्हता. भाडेनियंत्रणाने हे दार उघडत नाही. त्यासाठी वसतिगृहेच वाढली पाहिजेत.

मित्रांनो, करार लेखी करा. त्याची नोंदणी ही कायद्याने मालकाची जबाबदारी आहे, आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे आधी ग्राह्य धरले जाते. भाडे बँकेतून द्या, पावती जपा. खाते उघडताना पत्त्याचा पुरावा नसलेली मुले मी काउंटरवर रोज पाहतो.

आपल्यातही आता घरमालक आहेत. त्यांनी वाजवी भाडे जरूर घ्यावे, पण करार आणि पावती द्यावी. जो न्याय आपण मागतो, तो आपल्या ओसरीवरही दिसला पाहिजे.

जय भीम! जय भारत!